फायर स्टेशनची तयारी: ड्रिलला लपतात आणि वर्दीला उघड्या पडतात त्या चुका टाळा

वर्दी (आगीचा कॉल) येते, गाडी वेळेत सुटते, सगळे जवान गाडीत असतात, आणि तरी जागेवर पोचल्यावर पहिली पाच मिनिटं कुठे जातात ते कुणालाच सांगता येत नाही. हे मी बघितलंय, आणि एकदा तर माझ्याच टीमचं झालंय. तलावातून पाणी उचलायचं होतं, सक्शन (पाणी उचलायचा जाड पाइप) टाकलं, प्रायमिंग (पाइपातली हवा काढून पाणी वर आणणं) सुरू केलं, इंजिन पूर्ण आवाजात, पण गेजची सुई जागची हलेना. पुढे ब्रांच (होजच्या टोकाचं नोझल) धरून उभा असलेला पोरगा "पाणी द्या, पाणी द्या" ओरडतोय आणि त्याच्या हातात रिकामा होज. शेवटी सीनियर पंप ऑपरेटरने एकेक कपलिंग हाताने चाचपलं तेव्हा कळलं, एका जोडात रबरी वॉशरच नव्हता. मागच्या ड्रिलला सक्शन सोडताना पडला असणार. रजिस्टरमध्ये मात्र रोज सकाळी 'सक्शन होज – ओके' अशी टिक होती आणि खाली सही माझी होती.

तो दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याच टीमने थोडेच दिवस आधी पंप ड्रिल एकदम झकास वेळेत केलं होतं, पण हायड्रंटवर, म्हणजे पाण्याच्या लाइनच्या नळावर, जिथे पाणी प्रेशरनेच येतं आणि सक्शनच्या जोडातल्या गळतीचा पत्ताच लागत नाही. म्हणून मी नवीन ऑफिसरना एकच गोष्ट परत परत सांगतो, आगीवरची बहुतेक गडबड आगीवर सुरू होत नाही, ती स्टेशनमध्ये कधीतरी आधीच झालेली असते आणि आपण ती बघूनही पुढे गेलेलो असतो.

टिक मारून केलेली तपासणी

पाणी उचललं जात नसेल तर घाबरून इंजिनचा स्पीड वाढवत बसू नका, त्याने काहीच होत नाही. आधी बघा स्ट्रेनर (सक्शनच्या टोकाची जाळी) पूर्ण पाण्यात बुडालाय का, मग सगळे ड्रेन कॉक आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद आहेत का, मग प्रत्येक कपलिंगचा वॉशर, मग सक्शन होज मध्येच कुठे पंपाच्या तोंडापेक्षा वर उचलला गेलाय का, कारण तिथे हवा अडकून बसते. आणि उंची. पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते वर ढकलते, त्यामुळे कितीही भारी पंप असला तरी हिशोबाने साधारण १० मीटरच्या वर पाणी चढूच शकत नाही आणि प्रत्यक्षात ७ मीटरच्या आसपासच दम संपतो. उंची जास्त असेल तर जागा बदला, भांडत बसू नका.

हे सगळं वर्दीवर शोधायची वेळच येऊ नये यासाठी ड्राय व्हॅक्यूम टेस्ट असते. सक्शन जोडायचं, टोकाला ब्लँक कॅप लावायची, व्हॅक्यूम तयार करायचा, प्रायमर बंद करून सुईकडे बघत उभं राहायचं. सुई भराभर परत येत असेल तर कुठेतरी हवा शिरतेय. दोन-चार मिनिटांचं काम आहे पण टिक मारायला दोन सेकंद लागतात म्हणून टिक जिंकते. आम्ही नंतर रजिस्टरमधला 'ओके' शब्दच काढून टाकला, आता तिथे आकडा लिहावा लागतो, हवेच्या सिलेंडरमध्ये किती बार (दाब), व्हॅक्यूम किती आला आणि किती वेळ टिकला. आकडा लिहायचा म्हटलं की माणसाला गेजपाशी जावंच लागतं.

रोज तेच ड्रिल, त्याच अंगणात

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. शिट्टी वाजली, पोरं धावली, होज पसरला, पाणी आलं, घड्याळ बंद, टाळ्या. जागा तीच, उजेड तोच, माणसं त्याच नंबरवर, म्हणजे ठरलेल्या त्याच कामावर. नंबर दोनचा जवान दोन वर्षं नंबर दोनच करतोय, त्याला उद्या पंपावर उभं केलं तर हात थरथरतात. आता वर्दीच्या दिवशी पंप ऑपरेटरच सुट्टीवर असेल तर काय करणार?

ड्रिल बदलायचं म्हणजे काही मोठा खर्च नाही. माणसांचे नंबर फिरवा. एखाद्या दिवशी न सांगता एक माणूस कमी करा. होजची एक लेंथ मुद्दाम फाटलेली समजा आणि बदलायला लावा. मास्कच्या काचेवर आतून कागद चिकटवा आणि जड ग्लोव्हज घालून बीए सेटचा (पाठीवरच्या श्वासाच्या हवेच्या सेटचा) व्हॉल्व्ह, बेल्टचा बकल, रेडिओचं बटण शोधायला लावा, मग समजतं की उजेडात वीस सेकंदात होणाऱ्या गोष्टीला अंधारात दीड मिनिट लागतंय. मी एका अनुभवी जवानाला असं रेडिओचं इमर्जन्सी बटण शोधताना बघितलंय, तो छातीवर हात फिरवत राहिला आणि रेडिओ उजव्या खिशात होता, कारण त्या दिवशी कोट दुसरा होता. त्यानंतर आमच्याकडे रेडिओची जागा सगळ्यांची एकच.

ड्रिल खरंखुरं करायचं म्हणजे धोकादायक करायचं असा मात्र काही जणांचा समज असतो, तो काढून टाका. अमेरिकेत बोल्डरला १९८२ मध्ये खऱ्या आगीवरच्या ट्रेनिंगमध्येच दोन फायरफायटर गेले आणि त्यानंतर १९८६ ला एनएफपीए (तिथली अग्निसुरक्षेची संस्था) १४०३ हे लाइव्ह फायर ट्रेनिंगचं स्टँडर्ड आलं. ट्रेनिंगच्या आगीत माणसाला बळी बनवून आत झोपवू नका, पुतळा ठेवा, बाहेर पाण्याने भरलेली दुसरी होज लाइन तयार असलीच पाहिजे, आणि बाहेर पडायचे दोन रस्ते सगळ्यांना आधी फिरून दाखवा.

अजून एक. जुन्या सीनियर लोकांनी ज्या आगी बघितल्या त्या आणि आजच्या आगी यात फरक पडलाय. यूएल या अमेरिकन सेफ्टी टेस्टिंग संस्थेने दोन खोल्या शेजारी शेजारी जाळून बघितल्या, एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं फर्निचर आणि दुसरीत आजचं फोम आणि प्लास्टिकचं. आजची खोली चार मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हरला (सगळी खोली एकदम पेटण्याला) गेली, जुन्या खोलीला जवळपास अर्धा तास लागला. म्हणजे आपण पोचतो तेव्हा बऱ्याचदा बंद घरातली हवा संपवून आग हवेसाठी उपाशी बसलेली असते, आणि पाणी तयार नसताना कुणीतरी उत्साहाने दार उघडलं की तिला जे हवं तेच आपण देतो. दार उघडणं हे पण एक ऑपरेशन आहे, ते कुणाच्या ऑर्डरने आणि कधी हे आधी ठरलेलं पाहिजे. आमच्या वेळी चालायचं, हे इथे चालत नाही.

हवेचा हिशोब शिट्टीवर सोडणं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण याच्यात माणसं जातात.

बीए सेटचा ६.८ लिटरचा सिलेंडर ३०० बारला भरला की कागदावर २०४० लिटर हवा होते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ५१ मिनिटं, आणि बरेच जवान हाच आकडा डोक्यात घेऊन आत जातात. पण हवा कमी झाल्याची सेटची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते, तेवढी हवा राखीव आहे, ती कामाची धरायचीच नाही. राहिली ४१ मिनिटं. आता जिना चढून, होज ओढून, घाबरून माणूस मिनिटाला ८० लिटर सहज घेतो, मग तीच हवा २० मिनिटांची होते. आणि त्या २० मिनिटांत आत जाणं, काम, परत येणं हे सगळं आलं.

चूक अशी होते की शिट्टी वाजेपर्यंत काम करायचं आणि मग निघायचं. शिट्टी वाजली तेव्हा तुम्ही दारात पाहिजे. साधा हिशोब शिकवा. आत शिरताना २९० बार होतं, कामाच्या जागी पोचल्यावर २०० झालं, म्हणजे जायला ९० लागले. परतीला पण निदान ९० लागणार, त्यात ५५ राखीव, झाले १४५. थोडी सूट धरून १६० ला मागे फिरायचं, काम अर्धवट असलं तरी. आणि टीममध्ये ज्याची हवा सगळ्यात कमी त्याचा गेज म्हणजे टीमचा गेज. त्याला एकट्याला परत पाठवू नका, सगळे एकत्र बाहेर.

३ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेतल्या वूस्टरमध्ये एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजला आग लागली. आत बेघर लोक असतील म्हणून दोन फायरफायटर शोधायला गेले, बिनखिडक्यांच्या चक्रव्यूहासारख्या बिल्डिंगमध्ये धुरात वाट चुकले, हवा संपत आली. त्यांना शोधायला गेलेले आणखी चार जण परत आले नाहीत. सहा माणसं, आणि ज्या बेघर लोकांना शोधायला पहिले दोघे गेले ते तर आधीच बाहेर पडलेले होते. शेवटी तिथल्या चीफने दारात उभं राहून आणखी कुणालाही आत जायला मनाई केली. तो निर्णय घेताना त्या माणसाच्या मनाचं काय झालं असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो. आपला माणूस आत आहे आणि दुसऱ्या आपल्या माणसाला आपण अडवतोय. हा निर्णय पहिल्यांदाच त्या दारात घ्यायची वेळ कुठल्याही ऑफिसरवर येऊ नये, यावर स्टेशनमध्ये बसून आधी बोललं गेलं पाहिजे.

म्हणून एंट्री कंट्रोल बोर्डवर (आत कोण गेलं याची नोंद ठेवायच्या फलकावर) एक माणूस, त्याला दुसरं काहीही काम नाही. टॅली (नावाचा बिल्ला) घेतल्याशिवाय कुणी आत नाही, मग तो कितीही सीनियर असो. नियम मोडणारा पहिला माणूस बहुतेक वेळा साहेबच असतो, म्हणून हे लिहितोय.

साहेब स्वतः ब्रांच धरतात

मनापासून होणारी चूक आहे ही. चांगला जवान ऑफिसर होतो, आग बघितली की हात शिवशिवतात, आणि तो पुढे जाऊन नोझल पकडतो. मग बिल्डिंगच्या मागच्या बाजूला काय चाललंय हे कुणीच बघत नाही. मागच्या खिडकीतून धूर काळा होत दाबाने बाहेर पडतोय, गॅसचे सिलेंडर भिंतीला लागून आहेत, वरच्या गॅलरीत माणूस उभा आहे, आणि कमांडला पत्ता नाही. पोचल्यावर आधी चारी बाजूंनी फिरून या, फिरणं शक्य नसेल तर मागच्या बाजूला माणूस पाठवून रेडिओवर रिपोर्ट घ्या, आणि मग अशा जागी उभे रहा जिथून निदान दोन बाजू दिसतात आणि सगळ्यांना तुम्ही सापडता.

ऑर्डर दिली म्हणजे समजली असं धरणं

५ ऑगस्ट १९४९, अमेरिकेत मॉन्टानातली मॅन गल्च नावाची दरी. वणवा वाळक्या गवतातून चढावर फायरफायटरच्या टीमच्या मागे लागला. फोरमन वॅगनर डॉज याने अवजारं टाकून द्यायला सांगितलं आणि मग समोरच्या गवताला स्वतःच काडी लावली, म्हणजे ते जळून गेलं की त्या राखेत आडवं पडता येईल. त्याने सगळ्यांना बोलावलं. कुणीच आलं नाही. मागून आग येत असताना साहेब पुढे आग लावतोय, हे त्यांना कसं पटणार? ही युक्ती कुणाला शिकवलेलीच नव्हती. तेरा जण गेले, डॉज त्या राखेत पडून वाचला आणि आणखी दोघे कड्यातल्या फटीतून निसटले.

डॉजची ऑर्डर बरोबर होती, पण ती समजायला लागणारी ओळख आणि ट्रेनिंग आधी झालेलं नव्हतं. ज्या ऑफिसरबरोबर पोरांनी कधी ड्रिल केलेलं नाही त्याची विचित्र वाटणारी ऑर्डर जीवावर आल्यावर कोण ऐकेल? म्हणून ड्रिलला खुर्ची टाकून बसू नका, सेट चढवून लाइनमध्ये उभे रहा.

आणि उलटं पण तितकंच. ज्युनियरला काही दिसलं तर त्याला बोलता आलं पाहिजे. "साहेब, स्लॅब वाकतोय" हे वाक्य बोलायला नवीन पोरगा घाबरतो कारण मागच्या वेळी काहीतरी बोलला तेव्हा सगळ्यांसमोर गप्प केलं गेलं. आम्ही ड्रिलमध्ये मुद्दाम चुकीची ऑर्डर द्यायला लागलो, म्हणजे लाइन चार्ज नसताना आत जा वगैरे, आणि कोण थांबवतो ते बघायचं. पहिले काही वेळा कुणीच थांबवलं नाही, सगळे निघाले आत. पहिल्यांदा "थांबा साहेब, पाणी नाही" म्हणणारा होता सगळ्यात नवीन जवान, आवाज कापत होता त्याचा. मी त्याला तिथेच सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

रेडिओवर नुसतं "हो" किंवा "रॉजर" चालवून घेऊ नका, ऑर्डर परत म्हणून दाखवायला लावा. "दुसरा मजला, डावा जिना, दोन माणसं, लाइन घेऊन." मेडे कॉलचं (जीव धोक्यात असल्याच्या मदतीच्या हाकेचं) पण तसंच, कुठे आहे, कोण आहे, काय झालं, हवा किती, एवढं एका दमात बोलायची सवय तोंडाला लागली पाहिजे, आणि मेडे लवकर दिला म्हणून कुणाला हसायचं नाही.

वर्दीनंतर गप्पा होतात, रिव्ह्यू होत नाही

परत आल्यावर होज धुतले, सिलेंडर बदलले, सगळे दमलेले, उद्या बोलू म्हणतात आणि उद्या नवीन वर्दी. गाडीच्या मागे उभं राहून दहा मिनिटं पुरतात. काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या ड्रिलला काय घालायचं. सुरुवात ऑफिसरने स्वतःच्या चुकीपासून करायची, नाहीतर बाकीचे तोंड उघडणार नाहीत. चूक कुणाची हे शोधायला बसलात तर पुढच्या वेळी चूक लपवली जाईल.

वॉशरच्या त्या वर्दीनंतर मी गाडीमागे तेच केलं. सही माझी होती, मी न बघता केली, असं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग पंप ऑपरेटर म्हणाला, "साहेब, टूलबॉक्समध्ये जास्तीचे वॉशर पण नाहीयेत, मी दोनदा बोललो होतो." दुसऱ्या दिवशी रोल कॉलनंतर पहिलं काम म्हणून आम्ही सगळी सक्शन बाहेर काढली, ब्लँक कॅप लावली आणि सगळे जण गेजभोवती उभे राहिलो.