आई-बाबांना मेमरी टेस्टला नेताय? या चुका टाळा

घरात कुणाचं विसरणं वाढलं की हल्ली लोक टेस्टला घेऊन येतात ही खरंच चांगली गोष्ट आहे, पूर्वी "वय झालं, होणारच" म्हणून वर्षानुवर्षं तसंच सोडून द्यायचे. पण टेस्टच्या वेळी घरचे, आणि कधीकधी टेस्ट घेणारेसुद्धा, अशा काही गोष्टी करतात की आलेल्या मार्कांना काही अर्थच राहत नाही, आणि तेच मार्क मग फाईलमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतात, प्रत्येक नवीन डॉक्टर तेच वाचतो. माझं रोजचं काम हेच आहे म्हणून कळकळीनं लिहितेय.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे शेजारी बसून उत्तर सुचवणं. "आज वार कुठला?" असं विचारलं की आई जरा थांबते, आठवायला लागते, तेवढ्यात मुलगा म्हणतो, "अगं आई, काल नाही का आपण दत्ताच्या देवळात गेलो, गुरुवार होता ना?" झालं, आई म्हणते शुक्रवार, आणि एक मार्क फुकट मिळाला जो मिळायला नको होता. आईला मदत करावीशी वाटणं साहजिक आहे, पण ती स्वतःहून कुठपर्यंत पोचते, क्लू दिल्यावर पोचते का, की क्लू देऊनही नाही, हेच तर बघायचं असतं, कारण क्लू दिल्यावर आठवणं आणि क्लू देऊनही न आठवणं यातून आजाराचा वेगळा अंदाज येतो. याच्या उलटही होतं, "काय हो बाबा, एवढं पण येत नाही तुम्हाला?" असं एकदा तोंडातून गेलं की बाबा पुढच्या प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" म्हणून मोकळे होतात. म्हणून टेस्ट चालू असताना बाहेर बसा. तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहेच, पण ते वेगळं सांगा, पेशंटच्या तोंडावर नको.

कानाचं मशीन आणि चष्मा घरी विसरून येऊ नका. शब्द नीट ऐकूच आले नसतील तर पाच मिनिटांनी आठवणार काय! मोतीबिंदू पिकलेला असेल तर चित्र बघून काढायच्या प्रश्नात मार्क जाणारच, तेव्हा ही गोष्ट आधीच सांगून टाका.

आता शिक्षण आणि भाषा, यावर मला जरा जास्त बोलायचंय. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी एमएमएसई ही टेस्ट 1975 साली अमेरिकेत आली, 30 पैकी मार्क, आणि 24 च्या खाली गेलं की शंका असा ढोबळ हिशोब. मोका ही कॅनडातली, 2005 ची, तीही 30 ची पण तिथं रेषा 26 ला, आणि शिक्षण 12 वर्षं किंवा कमी असेल तर एक मार्क वाढवून देतात. आता विचार करा, जुनी दुसरी शिकलेली आजी, आयुष्यात पेन्सिल हातात धरायची वेळ फारशी आलेली नाही, तिला घनाचं चित्र काढ म्हणायचं, 100 मधून 7 वजा करत करत 93, 86, 79 असं खाली ये म्हणायचं, आणि मग 19 मार्क आले म्हणून डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) लिहून टाकायचं? हीच आजी दहा बायकांच्या भिशीचा हिशोब तोंडी ठेवते, कुणाचा हप्ता राहिलाय ते चोख सांगते. तारीख विचारली तर "कार्तिक वद्य पंचमी" म्हणते आणि ते अगदी बरोबर असतं, पण कागदावर 'तारीख सांगता आली नाही' अशी फुली पडते. टेस्ट घेणाऱ्याला तिथं विनासंकोच सांगा की ती पंचांगाच्या तिथीनं चालते, शाळा किती शिकली, वाचता येतं का, सही करते का अंगठा लावते.

ही अडचण ओळखूनच हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर लोकांसाठी टेस्ट बदलून घेतली गेली, हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात कागदावर लिहिलेलं वाचून डोळे मिटायच्या ऐवजी समोरच्याचा चेहरा बघून तो करतो तसं करायचं असतं, आणि वाक्य लिहायच्या ऐवजी घराबद्दल काहीतरी बोलायचं असतं. किती साधा बदल आहे आणि किती योग्य! आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनंही पुढं भारतीय भाषांसाठी अशा टेस्टचा एक संच, टूल बॉक्स, तयार केला, पण सुरुवातीच्या पाच भाषांत मराठी नव्हती. मोका मराठीत आहे, ती मागा. इंग्रजी फॉर्म समोर ठेवून कुणी जागच्या जागी भाषांतर करून विचारत असेल तर प्रश्न सोपा होतो किंवा अवघड होतो, आणि मग मार्कांची तुलना कशाशी करायची? आयुष्यभर घरात मालवणी किंवा अहिराणी बोललेल्या माणसाला प्रमाण मराठीतला प्रश्न सुद्धा क्षणभर परका वाटतो, हेही लक्षात असू द्या.

आणि याची दुसरी बाजू, खूप शिकलेली माणसं. रिटायर्ड इंजिनिअर, 29 मार्क, घरचे खूश, "नॉर्मल आहे म्हणाले". पण काकू सांगत असतात की ह्यांनी लाईट बिल दोनदा भरलं, रोजच्या रस्त्यावर वळण चुकले, यूपीआयचा पिन विचारणाऱ्या फोनवाल्याला पटकन पिन सांगून टाकला. अशा वेळी काकूंचं ऐका, 29 मार्कांवर विसंबू नका. हुशार आणि शिकलेली माणसं या छोट्या टेस्ट सहज पार करतात, त्यांना दोन-तीन तासांची सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट लागते, ज्यात लक्ष, नवीन गोष्ट शिकणं, भाषा, प्लॅनिंग, वेग सगळं वेगवेगळं तपासतात आणि त्याच वयाच्या व शिक्षणाच्या लोकांशी ताडून बघतात. ही टेस्ट रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे रजिस्टर असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडूनच करून घ्या. फ्रंटोटेम्पोरल म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाच्या डिमेन्शियात तर सुरुवातीला मेमरी बऱ्यापैकी शाबूत असते, बदलतो तो स्वभाव, माणूस चारचौघात काहीही बोलतो, अचानक गोड खात सुटतो, बायकोच्या आजारपणाचं काही वाटेनासं होतं. घरचे म्हणतात तिरसट झालेत, आणि छोट्या टेस्टमध्ये ते सापडतही नाही.

वेळ चुकीची निवडणं हीसुद्धा फार मोठी चूक आहे. खुब्याचं ऑपरेशन झालंय, किंवा ताप, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी झालंय आणि पेशंट रात्रभर बरळतोय, अशात मेमरी टेस्ट करून काही कळत नाही. तो डिलिरियम असतो, त्याच्यामागचं कारण शोधून उपचार करायचे असतात, टेस्ट काही आठवडे गेल्यावर, माणूस सावरल्यावर. पार्किन्सनचा पेशंट असेल तर गोळीचा असर चांगला असतानाची वेळ घ्या. डायबेटिस असेल तर उपाशी आणू नका.

गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून आणा, अगदी मेडिकलवाल्यानं दिलेल्या सर्दीच्या गोळीसकट. झोपेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे), वारंवार लघवी होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, डिप्रेशन किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, यांनी म्हाताऱ्या माणसाची मेमरी आणि लक्ष दोन्ही मंदावतं. पण वाचून लगेच बंद करू नका, झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते, डॉक्टरच हळूहळू कमी करतील. बी12 आणि थायरॉईड तपासलंय का बघा, शाकाहारी घरात आणि बरीच वर्षं डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी चालू असलेल्यांत बी12 कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. डिप्रेशनबद्दल तर कुणी बोलतच नाही. नवरा गेल्यानंतर गप्प झालेली बाई प्रत्येक प्रश्नाला "नाही आठवत गं" म्हणते, तिला आधी त्याचे उपचार हवेत, मग परत टेस्ट.

नेटवरून प्रश्न काढून घरी पाठ करून घेणारेही आहेत, प्रेमापोटीच करतात, पण मग पाठांतराचे मार्क येतात आणि सुरुवातीची स्टेज हातातून निसटते. "डोळे तपासायला जातोय" असं खोटं सांगूनही आणू नका, अर्ध्यावर लक्षात आलं की माणूस चिडतो आणि सहकार्यच करत नाही. "हल्ली विसरायला होतंय ना, कशामुळे होतंय ते बघून घेऊ" एवढं सरळ सांगितलं तरी बहुतेक जण येतात.

एमआरआयवरून निष्कर्ष काढायची घाईही नको. रिपोर्टमध्ये वयानुसार मेंदू आकसल्याचं लिहिलं की रडारड सुरू होते, आणि नॉर्मल आला की टेस्टच कॅन्सल करतात. दोन्ही चूक. वर्षभरापूर्वी आई जे सहज करायची, स्वयंपाक, बँक, औषधं, एकटीनं बसनं जाणं, त्यातलं आज काय जमत नाही, ते कधीपासून, हळूहळू की अचानक, हे एका कागदावर उदाहरणांसकट लिहून आणा, निदान करताना ते मार्कांइतकंच बघावं लागतं. मार्क थोडे कमी पण रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः चालू, तर ते माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट असू शकतं, डिमेन्शिया नाही, आणि त्यातले सगळेच पुढं डिमेन्शियाकडे जात नाहीत.

पडल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी माणूस सुस्त व्हायला लागला, चालणं बिघडलं, बोलणं गोंधळायला लागलं तर मात्र टेस्टची अपॉइंटमेंट वगैरे घेत बसू नका, मेंदूभोवती रक्त साचलेलं असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटलला नेऊन सीटी स्कॅन करा.

टेस्ट परत कधी करायची तर साधारण सहा महिने ते वर्षानं, मधल्या काळात तीनतीन ठिकाणी नाही, कारण तेच तेच प्रश्न आले की सवयीनंच मार्क वाढतात. मोकाच्या एकापेक्षा जास्त आवृत्त्या असतात, दुसरी घ्यायला सांगा. आणि रिपोर्ट घेताना नुसता "22/30" नको, कुठली टेस्ट, कुठल्या भाषेत, मार्क कुठल्या प्रश्नांत गेले, मशीन-चष्मा लावला होता का, हे सगळं त्यावर लिहून मागा.