सव्वा किलोची प्लेट

नवा माणूस जिममध्ये आला की त्याची नजर आधी २५ किलोच्या लाल प्लेट्सकडे जाते. मी त्याला स्टँडच्या टोकाला लटकलेली सव्वा किलोची जोडी दाखवते. एकालाही ते आवडत नाही. काहींना तर मी त्यांची थट्टा करतेय असंच वाटतं. पण वजन उचलायला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि जे टिकले ते या जोडीशी जमवून घेणारे. तेव्हा कसं उचलायचं हे सांगतेच, पण किती आणि केव्हा वाढवायचं यावर जास्त बोलणार आहे.

आधी बारची, म्हणजे प्लेट्स अडकवायच्या लांब दांड्याची ओळख करून घ्या. स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा आणि बायकांचा १५ किलोचा असतो. पुरुषांचा मुठीत २८ मिलिमीटर जाड, बायकांचा २५. हे तीन मिलिमीटर लहान हातांना चांगलेच जाणवतात, त्यामुळे तुमचा पंजा छोटा असेल तर बाई-पुरुष न बघता पातळ बार घ्या. आकडा सांगताना बारचं वजन धरूनच सांगायचं. ‘मी चाळीस मारतो’ म्हणणाऱ्याला मी विचारते, बार धरून की सोडून? आणि एका बाजूचे की दोन्ही? अर्ध्या लोकांचं उत्तर तिथल्या तिथे बदलतं.

मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे जमिनीवरच्या बारचा मध्य साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर येतो. हलक्या लोखंडी प्लेट्स आकाराने लहान असतात. त्या लावल्या की बार खाली जातो, आणि नवखा माणूस तिथपर्यंत पोचायला पाठ गोल करतो. मग आपली पाठच कमजोर आहे असं धरून बसतो. तेव्हा हलक्या वजनावर शिकताना दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठेवून बार त्या साडेबावीसवर आणा. एवढ्यानेच निम्म्या पाठी सरळ होतात.

सुरुवात मी डेडलिफ्टने, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहण्याने करते, कारण यात वजन अंगावर पडायची भीती नसते. नाही उचललं तर ते जागेवरच राहतं. जागच्या जागी उंच उडी मारायला उभे राहाल तेवढं पायांत अंतर ठेवा. मान खाली घालून बघा, बार बुटाच्या लेसच्या गाठीवर आला पाहिजे. नडगी आणि बार यांत दोन बोटं जागा ठेवा. आता गुडघे फार न वाकवता कंबरेतून वाका आणि पायांच्या लगेच बाहेरून बार धरा. धरल्यानंतर गुडघे पुढे आणा, नडग्या बारला टेकेपर्यंत. यात बार जागचा हलता कामा नये. हलला तर उभं राहून पुन्हा पहिल्यापासून. इथे बहुतेक जण खुर्चीत बसल्यासारखे खाली बसतात. बसू नका. ढुंगण खांद्यांच्या खाली पण गुडघ्यांच्या बरंच वर राहू द्या आणि छाती पुढे काढा. छाती निघाली की पाठ सपाट होते, तिला वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता वजन उचलायचं नाही, फक्त बार वर ताणायचा. ‘टक्’ असा आवाज येईल. बारची फिरती टोकं आणि प्लेटचं भोक यांत थोडी ढिलाई असते, ती संपल्याची ही खूण. हा आवाज यायच्या आधीच हिसका मारणाऱ्याच्या पाठीला आणि दंडाला तो हिसका बसतो. माझ्याकडे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका तो टक् ऐकू येईस्तोवर डोळे मिटून घेतात. मग डोळे उघडतात, पायांनी जमीन खाली ढकलतात, आणि बार नडगीला घासत वर येतो. उंच मोजे त्यासाठीच घालायचे. गुडघे आणि कंबर एकाच वेळी सरळ झाले की झालं. वर गेल्यावर मागे झुकायचं नाही. खाली आणताना आधी कंबर मागे न्या, बार गुडघ्यांच्या खाली गेला की मग गुडघे वाकवा. उलट केलंत तर बार गुडघ्यांवर आपटेल, आणि ते एकदा आपटलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

श्वासाचं काय? उचलण्याआधी पोटात खोल श्वास घ्या, कोणी पोटात गुद्दा मारणार आहे अशा बेताने पोट घट्ट करा आणि वजन वर जाईपर्यंत श्वास धरून ठेवा. पोटातला हा दाब मणक्याला आतून आधार देतो. याची किंमतही आहे. १९८५ साली बॉडीबिल्डर्सच्या धमनीत नळी घालून जड लेग प्रेसच्या वेळी, म्हणजे यंत्रावर पायांनी वजन ढकलताना रक्तदाब मोजला होता, त्यात एकाचा ४८०/३५० पर्यंत गेला. दमदार माणसाचा तो क्षणात चढतो आणि क्षणात उतरतो. पण ज्यांना रक्तदाब, हृदय, डोळ्यांचा पडदा किंवा हर्निया यांचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि हलकं वजन घेऊन वर जाताना श्वास सोडायचा. इथे फुशारकी चालत नाही.

बाकीच्या व्यायामांवर मी फार वेळ घालवत नाही. आठवड्यातून दोन दिवस या, तीन जमले तर उत्तम. एक बार खांद्यांवर घेऊन बसून उठायचा व्यायाम म्हणजे स्क्वॉट, एक ढकलायचा म्हणजे बाकावर उताणं झोपून बेंच प्रेस किंवा उभ्याने डोक्यावर प्रेस, एक ओढायचा, आणि त्यातल्या एका दिवशी डेडलिफ्ट. प्रत्येकी पाच-पाच रेप्सचे तीन सेट, म्हणजे सलग पाच वेळा उचलायचं, असं तीनदा, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. सेट संपला तेव्हा अजून दोन सहज झाल्या असत्या, असं वाटेल तेवढंच वजन. दंडांच्या व्यायामाचे बारा प्रकार विचारणाऱ्याला मी सांगते, सहा महिन्यांनी विचार.

आता सव्वा किलोकडे. वजन हळूहळू वाढवत नेण्याची जुनी गोष्ट मायलोची. क्रोटोनचा हा पैलवान इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला. रोज एक वासरू खांद्यावर घ्यायचा म्हणे, आणि वासराचा बैल झाला तेव्हा बैल उचलायला लागला. गोष्ट छान आहे, पण तिच्यातलं गणित बघा. तुम्ही दर खेपेला अडीच किलो वाढवताय आणि आठवड्यातून दोनदा येताय, तर वर्षाला २६० किलो होतात. कोणाचेच होत नाहीत. पहिले काही आठवडे वजन भराभर चढतं, कारण तेव्हा स्नायू वाढत नसून मज्जासंस्था शिकत असते. कुठल्या तंतूंना केव्हा कामाला लावायचं, विरुद्ध बाजूच्या स्नायूला केव्हा सैल सोडायचं, हे तिला कळू लागतं. स्नायूची जाडी त्यानंतर, सावकाश. आणि स्नायूच्याही मागून कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, आणि हाडं. म्हणून तिसऱ्या महिन्यात ‘माझ्यात अजून खूप दम आहे’ असं वाटतं तेव्हा ते खरंही असतं, आणि कोपराची किंवा गुडघ्याची कंडरा नेमकी तेव्हाच कुरकुरायला लागते.

हे मोजूनमापून करायची रीत दवाखान्यातून आली, याची मला गंमत वाटते. थॉमस डीलॉर्म हे अमेरिकी लष्करातले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या खुरडलेल्या पायांना तेव्हा हलक्या, भरपूर वेळा करायच्या व्यायामांवर ठेवायचे. डीलॉर्म स्वतः वजनं उचलणारे. त्यांनी त्या पायांना जड वजन दिलं आणि ते वाढवत नेलं. १९४५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढे १९४८ मध्ये त्यांनी सेटची संख्या उतरवून तीनवर आणली: दहा वेळा जेमतेम उचलता येईल त्या वजनाच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊणपटीने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा. आजही एखाद्याला वेळ कमी असेल तर मी हेच देते.

वाढवायचं कसं, तर टक्क्यांत विचार करा. १०० किलोच्या डेडलिफ्टवर अडीच किलो म्हणजे अडीच टक्के. पण डोक्यावर २० किलो ढकलणाऱ्या बाईला तेच अडीच किलो साडेबारा टक्के पडतात. शंभरवाल्याने एका दिवसात साडेबारा किलो चढवले तर सगळे त्याला वेड्यात काढतील. तिने मात्र ते मुकाट्याने चढवायचे, आणि नाही जमलं की ‘बायकांचे हात कमजोर’ म्हणायला सगळे मोकळे. हात ठीक आहेत, प्लेट मोठी आहे. सव्वा-सव्वाची जोडी म्हणजे अडीच किलोच झाले, म्हणजे प्रेससाठी तीही जडच. स्पर्धेच्या संचात अर्ध्या किलोच्या प्लेट्स असतात. तुमच्या जिममध्ये नसतील तर मागा, आणि मिळेपर्यंत वजन तेच ठेवून पाचाच्या सहा, सहाच्या सात रेप्स करा. तिन्ही सेट आठ-आठचे झाले की मग अडीच किलो चढवून पुन्हा पाचावर या.

हे सगळं वहीत लिहायचं. तारीख, वजन, रेप्स, आणि एखादा शब्द: ‘जड’, ‘सहज’, ‘झोप नाही’. फोनवरही चालेल, पण फोन हातात आला की तीन मिनिटांची विश्रांती अकरा मिनिटांची होते. वही नसेल तर माणूस मागच्या वेळचं वजन आठवताना नेहमी पाच किलो जास्त आठवतो. आकडा लिहून ठेवायची हौस जुनीच आहे म्हणा. ऑलिंपियात १४३ किलोचा एक दगड सापडला आहे, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला. बायबोनने एका हाताने मला डोक्यावरून टाकलं, असं त्याच्यावर कोरलंय. खरं-खोटं तो दगडच जाणे.

वहीचा उपयोग मात्र एक रेप कशाला म्हणायची हे आधी ठरवलं असेल तरच. ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये पूर्वी स्नॅच (बार एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) यांच्या जोडीला प्रेसही होती. खांद्यांपासून बार सरळ वर ढकलायचा. वजनं वाढत गेली तसे उचलणारे मागे झुकू लागले, इतके की उभ्याने बेंच प्रेस चाललीय असं वाटावं. कितपत झुकलेलं चालेल यावर पंचांचं एकमत होईना. शेवटी १९७२ च्या ऑलिंपिकनंतर प्रेस काढूनच टाकली. तुमच्या जिममध्ये पंच नाही. स्क्वॉटला पॉवरलिफ्टिंगचा, म्हणजे स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्टच्या स्पर्धांचा नियम सोपा आहे: मांडी आणि कंबर यांच्या घडीची जागा गुडघ्याच्या वरच्या कडेपेक्षा खाली गेली पाहिजे. ६० किलोला तुम्ही तिथपर्यंत जाताय आणि ८० ला चार बोटं वरूनच परत येताय, तर ते २० किलो वाढलेले नाहीत, व्यायाम बदललाय. मी बाजूने व्हिडिओ काढायला सांगते. समोरून काढलेल्या व्हिडिओत सगळ्यांचेच स्क्वॉट खोल दिसतात.

रीतिरिवाज चार शब्दांत. बारखाली असलेल्या माणसाशी बोलू नये. त्याच्या आणि आरशाच्या मधून जाऊ नये. बेंचवर स्पॉट करताना, म्हणजे मदतीला मागे उभं असताना, उचलणारा ‘घे’ म्हणेपर्यंत किंवा बार खाली येऊ लागेपर्यंत हात लावू नये, लावलात तर ती रेप त्याची राहत नाही. प्लेट्स घसरू नयेत म्हणून बारच्या टोकांना कॉलर, म्हणजे पकड लावा. अपवाद एकच: रॅकच्या, म्हणजे बार अडवणाऱ्या लोखंडी चौकटीच्या बाहेर एकट्याने बेंच मारत असाल तर कॉलर नको, अडकलात तर तिरकं करून प्लेट्स सांडता आल्या पाहिजेत. पण खरं म्हणजे एकट्याने तसं मारूच नका.

वयाचं विचारणारे पुष्कळ येतात. १९९० साली एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला होता. जड म्हणजे त्यांच्या मानाने खरंच जड. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे मी पन्नाशीच्या माणसाला सांगते तेव्हा तो थोडा ओशाळतो आणि बार धरतो.

वजन अडेल, ते अडतंच. लागोपाठ तीन वेळा त्याच वजनाला पाच पुऱ्या झाल्या नाहीत तर दहा टक्के उतरवा आणि पुन्हा चढत या. त्याआधी झोप आणि खाणं तपासा, बहुतेकदा कारण तिथेच सापडतं. दोन दिवसांनी मांडी भरून येणं चालेल, ते पुढच्या व्यायामात निवतं. सांध्यात एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येणारी कळ चालणार नाही, आणि पाठीतून पायात उतरणाऱ्या मुंग्या तर अजिबात नाहीत. त्या दिवशी वजन ठेवा आणि डॉक्टर गाठा. आजारपणाने किंवा कामाने महिनाभर खंड पडला तर वहीतल्या शेवटच्या आकड्याच्या सत्तर टक्क्यांवरून सुरू करा. पहिल्या दिवशी ते इतकं सोपं वाटेल की लगेच वाढवावंसं वाटेल. वाढवू नका, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कारण कळेल.