नाशिकहून पायी यात्रा आणि सोबत कुत्रा

नाशिकहून पायी निघणाऱ्यांपुढे प्रामुख्याने चार वाटा असतात: त्र्यंबकेश्वर, वणीचा सप्तशृंगी गड, शिर्डी, आणि निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूर. नवस बोललेला असतो माणसाने. कुत्र्याला मात्र वाटेवर थांबावेसे वाटले तरी तसे सांगता येत नाही, म्हणून तो सोबत असेल तर यात्रेचा दिवस, टप्पा आणि वेग हे सगळे त्याच्या प्रकृतीवरून ठरवावे लागते.

पहिला निर्णय ऋतूचा. चैत्रात गडावर जाणाऱ्यांची रीघ लागते, परंतु त्या दिवसांतील डांबरी रस्त्यावर कुत्र्याचे तळवे अक्षरशः भाजतात. ज्येष्ठात त्र्यंबकहून निघणारी पालखी सिन्नर, अहिल्यानगर, करमाळा असे करत पंढरपूरला पोहोचते. तीन आठवड्यांहून अधिक काळ ऊन, पाऊस, वाहने आणि गर्दी यांत कुत्र्याला ठेवणे मला योग्य वाटत नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी आणि 2027 चा सिंहस्थ यांचा तर विचारही करू नये. उरतो कार्तिक ते माघ हा काळ. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि तेव्हा हवा थंड असते, परंतु एकादशीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत त्र्यंबक रस्त्यावर दिंड्यांची दाटी होते. त्यामुळे आठवडाभर आधी किंवा नंतर, सुट्टीचा दिवस टाळून निघावे. दिंडीबरोबरच जायचे असल्यास चालकांची आणि विणेकऱ्यांची परवानगी आधी घ्यावी, कारण मुक्कामाची जागा आणि पंगत सर्वांची असते.

दुसरा निर्णय कुत्र्याचा. पग किंवा बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जाती धापा टाकून शरीर पुरेसे थंड करू शकत नाहीत, त्यांना नेऊ नये. वर्षाच्या आतले पिल्लू, म्हातारा किंवा लठ्ठ कुत्रा, गाभण कुत्री आणि अंगावर धावून जाण्याची सवय असलेला कुत्रा, हेही घरीच बरे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या लठ्ठ लॅब्रॅडॉरपेक्षा आपला गावठी कुत्रा या कामाला कितीतरी सरस ठरतो, हे पशुवैद्यांना विचारल्यास तेही मान्य करतील.

तयारीला किमान दोन महिने द्यावेत. पहाटे सोमेश्वर किंवा गंगापूर धरणाच्या रस्त्यावर तीन-चार किलोमीटरपासून सुरुवात करून दर आठवड्याला अंतर थोडेथोडे वाढवावे आणि मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवावेत. सलग दोन दिवस दहा-बारा किलोमीटर चालूनही तिसऱ्या दिवशी तो लंगडत नसेल आणि नेहमीसारखा जेवत असेल, तरच पुढचा विचार करावा. टाळ-मृदंग, भोंगे आणि फटाके यांच्या आवाजाची सवय याच काळात, आधी लांबून आणि मग हळूहळू जवळून, करून घ्यावी. रेबीजची तसेच लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून होणारा जिवाणूजन्य आजार) यासह इतर लशी निघण्यापूर्वी किमान महिनाभर आधी पूर्ण करून लसीकरणाचे पुस्तक जवळ ठेवावे आणि गोचिडांवरचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावे. गळपट्ट्यापेक्षा छातीभोवतीचा हार्नेस घ्यावा, म्हणजे ओढ लागली तरी श्वासनलिकेवर दाब येत नाही. मोबाइल क्रमांकाचा बिल्ला मात्र गळ्यातच असावा. मुसके घालायचे झाल्यास तोंड उघडून धापा टाकता येतील असे जाळीचेच घालावे.

नाशिक ते त्र्यंबक हे अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे. माणसे ते एका दिवसात कापतात, परंतु कुत्र्यासाठी दोन दिवस धरावेत आणि तळेगाव-अंजनेरीच्या आसपास मुक्काम करावा. पहाटे पाचला निघून दहाच्या आत थांबावे आणि उरलेले अंतर चारनंतर चालावे. सातपूरपर्यंत वाहनांची वर्दळ फार असल्याने पट्टा आखूड धरून कुत्रा रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवावा आणि त्याच्या हार्नेसला चमकणारी पट्टी लावावी. प्रत्येक गावाच्या वेशीवर तिथली कुत्री आडवी येणारच. त्या वेळी पळू नये, आपला कुत्रा उचलून घेऊ नये, काठी जमिनीवर आपटत न थांबता पुढे निघावे. चावा झालाच तर जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुऊन, आधी लस झालेली असली तरी, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा; माणसाला चावल्यास हाच नियम आणि सरकारी रुग्णालय.

सर्वांत मोठा धोका उन्हाचा, आणि तो थंडीच्या दिवसांतही दुपारी असतोच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. निघण्यापूर्वी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सहन झाले नाही तर त्यालाही होणार नाही. एरवी त्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला पन्नास-साठ मिलिलिटर पाणी लागते, चालताना त्याच्या दुप्पट धरावे, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्यासाठी दोन-अडीच लिटर. आणि ते दर अर्ध्या तासाने थोडेथोडे पाजावे. धापा थांबत नसतील, लाळ घट्ट झाली असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील किंवा तो झोकांड्या खात असेल, तर उष्माघात समजून लगेच सावलीत न्यावे, पोट, काखा आणि जांघा साध्या पाण्याने सतत भिजवत वारा घालावा आणि त्यानंतर वाहनाने दवाखान्यात न्यावे. ओले कापड पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. यासाठीच सोबत एक वाहन हवे, निदान हाक मारल्यावर अर्ध्या तासात पोहोचेल असे.

खाण्यापिण्यात नाशिकचा म्हणून एक वेगळाच प्रश्न आहे, तो द्राक्षांचा. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे घडेल याचे ठरलेले प्रमाण नाही. दिंडोरीवरून वणीला जाताना ऐन हंगामात बागांच्या कडेला घड पडलेले असतात, आणि प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतातच. खाल्ल्याचे दिसले तर उलटी होण्याची वाट न पाहता पशुवैद्याकडे निघावे. बागेतल्या डबक्याचे पाणीही पिऊ देऊ नये, त्यात बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे) किंवा अन्य फवारणीचे अंश असू शकतात. पिठले-भाकरीतला कांदा-लसूण आणि चॉकलेट हेही वर्ज्य. भाविक मोठ्या मायेने घास पुढे करतात आणि त्यांना नाही म्हणणे अवघड जाते. अशा वेळी हार्नेसवर ‘मला खायला देऊ नका’ अशी पाटी लावण्याचा उपाय हास्यास्पद वाटला तरी चांगलाच उपयोगी पडतो. त्याचे नेहमीचेच अन्न सोबत न्यावे, मुख्य जेवण संध्याकाळी, चालणे थांबल्यावर तासाभराने द्यावे.

मुक्कामाला कुत्रा रात्री बाहेर बांधू नये. नाशिक, सिन्नर, निफाड या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे आणि कुत्रा हे त्यांचे सोपे भक्ष्य आहे. मंडपाबाहेर खुंटीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. खोलीत, बंद वाहनात आपल्यासोबत, किंवा माणसांच्या मधोमध त्याला झोपवावे आणि पौषातल्या थंडीत खाली गोणपाट व अंगावर जुनी गोधडी द्यावी. झोपण्यापूर्वी बोटांच्या फटी, कान आणि काखा बोटांनी चाचपाव्यात, कारण त्या दिवसांत वाळलेल्या गवताची कुसळे कातडीत शिरून आत सरकत जातात. चिमटा, सलाइन, गॉज आणि बँडेज एवढे साहित्य पुरते. आपली पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन मात्र त्याला कधीही देऊ नये.

दर्शनासाठी किमान दोघे सोबत हवेत, एकाने आत जावे आणि दुसऱ्याने कुत्र्यापाशी थांबावे. दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात म्हणून कोणी आपला कुत्रा मंदिरात घेईल, असे गृहीत धरू नये. कुशावर्त आणि रामकुंड यांच्या पायऱ्यांपासूनही त्याला दूर ठेवावे. सप्तशृंगी गडावर माकडांचा उपद्रव असल्याने पायथ्याच्या नांदुरी गावात थांबणे अधिक सोयीचे. त्याची विष्ठा पिशवीत भरावी किंवा पाण्यापासून दूर पुरावी. वाटेवर अनवाणी चालणारे पुष्कळ असतात.

परतीचा प्रवास वाहनानेच करावा. घरी आल्यावर दोन-तीन दिवस फक्त फिरवून आणण्यापुरते चालवावे आणि पुढचे तीन आठवडे त्याच्याकडे लक्ष ठेवावे, कारण गोचिडांमुळे होणारा ताप लगेच दिसत नाही. भूक मंदावली, हिरड्या फिकट पडल्या, लघवी गडद झाली किंवा नाकातून रक्त आले, तर पायी यात्रा केल्याचे आवर्जून सांगून पशुवैद्याकडून त्याच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी.