सत्ती-छक्कीचे दिवस

पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर, पोकरच्या 100-200च्या टेबलावर (पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने भरायच्या रकमा), माझ्या 20,000च्या चिप्स पावणेदोन तासांत संपल्या. मी लूज-अग्रेसिव्ह (जास्त डावांत उतरायचं, तेही आक्रमकपणे), म्हणजे पोकरवाल्यांच्या तोंडी ‘लॅग’, खेळतोय अशी तेव्हा माझी प्रामाणिक समजूत होती. शेवटचा डाव असा: अगदी सुरुवातीच्या खुर्चीवरून इस्पिकच्या सत्ती-छक्कीवर रेझ केलं (रक्कम वाढवली), चौघांनी कॉल केलं (तेवढीच भरली). फ्लॉपला, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, बदामचा एक्का, किलवरचा राजा, चौकटची दुर्री. मी बेट लावली. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्यावर, परत लावली. रिव्हरला, म्हणजे पाचव्यावर, उरलेलं सगळं पुढे लोटलं. समोरचे काका, सुटीला आलेले, शांतपणे कॉल करत राहिले. हातात एक्का-नव्वी. म्हणाले, ‘‘अरे, एक्का आहे माझ्याकडे. टाकू कशाला?’’

माझी चूक बोटीवर झाली नव्हती, ती दिवाळीतल्या तीन पत्तीपासून अंगात मुरलेली होती. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणाऱ्याला पत्ते बघितलेल्याच्या निम्मी चाल पुरते, म्हणजे धाडसाला तिथे सवलत आहे. पोकरमध्ये ही सवलत नाही. सत्ती-छक्कीवाल्याला एक्क्याच्या जोडीवाल्याइतकेच पैसे टाकावे लागतात. आपल्याकडचे बरेच जण पोकरला येतात ते हा हिशेब न बदलता, आणि त्या उधळेपणालाच ‘लॅग’ म्हणतात.

‘लॅग म्हणजे कुठलेही पत्ते खेळणं’ हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. चांगला लॅग जास्त हँड, म्हणजे वाटलेले डाव, खेळतो हे खरं, पण ते खुर्ची बघून. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या दोन खुर्च्यांवरून मी आता आठातला एखादाच हँड खेळतो. बटनवर (वाटणाऱ्याच्या खुर्चीवर) बसलो आणि पुढच्या सगळ्यांनी पत्ते टाकले, तर जवळजवळ निम्मे. बटनवाला फ्लॉपपासून पुढे प्रत्येक वेळी शेवटी बोलतो, बाकीच्यांनी काय केलं ते बघून ठरवतो. पूर्ण टेबलाची सरासरी काढली तर शंभरातले पंचवीस-तीस हँड भरतात. लांबून बघणाऱ्याला मात्र वाटतं, हा माणूस काहीही खेळतोय.

इथे कुणीतरी अमेरिकन खेळाडू डॉयल ब्रन्सनचं नाव काढतंच. 1976 आणि 1977 अशी सलग दोन वर्षं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा शेवटचा डाव त्याने दश्शी-दुर्रीवर जिंकला. खरं आहे. पण तेव्हा टेबलावर दोनच जण उरले होते. दोघांच्या खेळात दर डावाला ब्लाइंड (पोकरमध्ये ती सक्तीची रक्कम) भरावा लागतो, तिथे वाटेल ते पत्ते खेळावे लागतात. शिवाय दोन्ही वेळा तो फ्लॉपला मागेच होता, पुढच्या दोन पत्त्यांनी त्याचं फुल हाउस (एका आकड्याचे तीन, दुसऱ्याचे दोन पत्ते) झालं. हे दुसरं वाक्य कुणी सांगत नाही.

मग आक्रमक खेळ चालतो तरी कशामुळे? जोडी नसलेले दोन पत्ते घेऊन फ्लॉप बघणाऱ्याला तिनातून दोनदा काहीच लागत नाही. समोर एकच जण असेल तर बहुतेक वेळा त्याच्याकडेही काही नसतं, आणि आधी हात घालणाऱ्याला पॉट (मधे जमलेले पैसे) मिळतो. पण माझ्यासमोर चौघे होते. चौघांचंही हुकलेलं असण्याची शक्यता ढोबळमानाने पाचांत एक. तरी मी बेट लावत होतो, तेही एक्का आणि राजा समोर दिसत असताना. या दोन पत्त्यांवरच तर लोक कॉल करतात.

ब्लफचं गणित चौथीतलं आहे. पॉटमध्ये 1,000 आहेत आणि तुम्ही 1,000 लावले, तर समोरच्याने निम्म्या वेळा पत्ते टाकले पाहिजेत, तेव्हा कुठे बरोबरी. 500 लावले तर तिनातून एकदा टाकले तरी पुरे. आता काकांकडे बघा. एक्का असला की ते कधीच टाकत नाहीत. त्यांच्यापुढे ब्लफ कितीचाही लावा, गणित बसणार नाही.

पत्त्यांना महत्त्व नाही, हेही खोटं. मी इस्पिकच्या एक्का-पंजीवर दुसऱ्याच्या रेझवर रेझ करतो, त्याचं कारण साधं आहे. एक एक्का माझ्याकडे असल्यामुळे समोरच्याकडे एक्क्यांची जोडी येण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात, एक्का-राजाचे सोळावरून बारावर. शिवाय फ्लॉपला दोन इस्पिक आले तर उरलेल्या दोन पत्त्यांत फ्लश (पाचही इस्पिक) लागण्याची शक्यता सुमारे 35 टक्के. म्हणजे त्याने कॉल केलं तरी मागचं दार उघडं राहतं. माझ्या सत्ती-छक्कीला त्या फ्लॉपवर दारच काय, खिडकीही नव्हती.

चढउतारांबद्दल थोडक्यात: ते मोठे असतात. टेबलावर तासाला जेमतेम 25-30 हँड होतात, त्यामुळे एका शनिवार-रविवारच्या निकालावरून आपण चांगले खेळलो की वाईट हे कळत नाही. घालवायला चालतील तेवढेच पैसे नेणं, हे लॅगलाच काय, कुणालाही लागू.

2025च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झाल्यापासून नव्यांना सराव कुठे करायचा हा प्रश्नच आहे. आम्ही पुण्यात चौघे मित्र चिंचोके लावून खेळतो. खुर्चीचा अंदाज आणि पॉट मोजणं त्यात छान जमतं. ब्लफ मात्र जमत नाही, कारण चिंचोके जायची भीती कुणालाच नसते.

त्या सहलीत दुसऱ्या संध्याकाळी काका परत टेबलावर होते. या वेळी मी 10,000च नेले होते. त्यांच्या डावीकडची खुर्ची रिकामी होईपर्यंत थांबलो, म्हणजे त्यांच्यानंतर बोलायला मिळेल. तीन तासांत त्यांना एकदाही ब्लफ मारला नाही. मग एका डावात मला एक्का-राणी आली आणि फ्लॉपला एक्का पडला. तिन्ही वेळा बेट लावली, तिन्ही वेळा त्यांनी कॉल केलं. एक्का-दश्शी दाखवत म्हणाले, ‘‘काल बघितलंय ना तुला, म्हटलं आजही काही नसणार.’’