सेप्सिसमध्ये रक्त गोठण्यातला बिघाड लवकर पकडायचाय? या चुका टाळा

पावसाळ्यात पुण्यातल्या वॉर्डांमध्ये ताप आणि घसरलेल्या प्लेटलेट घेऊन आलेले पेशंट भरपूर. प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याच गर्दीतला सेप्सिसचा (म्हणजे इन्फेक्शनला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादाने अवयव बिघडत चाललेला) पेशंट नजरेतून निसटतो. सेप्सिसमध्ये बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि किडनी, लिव्हर, फुप्फुसं एकेक करून कुरकुरायला लागतात. रक्तस्राव दिसेपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो. सुरुवात ओळखायला महागड्या टेस्ट लागतातच असं नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ; आयएनआर वाढला म्हणजे तो लांबला) नीट वाचले तरी पुष्कळ कळतं.

एकच रिपोर्ट बघणं

ही सगळ्यात घातक चूक. समजा, दाखल होताना प्लेटलेट ३,८०,००० होत्या आणि तिसऱ्या दिवशी १,७०,००० झाल्या. दीड लाखाच्या वर असल्यामुळे रिपोर्टवर कुठलीच खूण नसते. पण निम्म्याहून जास्त प्लेटलेट गेल्या कुठे, हे राउंडला कुणीतरी विचारायलाच हवं. म्हणून कालचा, परवाचा आणि आजचा आकडा केसपेपरवर शेजारी-शेजारी लिहा.

सेप्सिसमधला रक्त गोठण्यातला बिघाड मोजणारा, २०१७ साली मांडला गेलेला एसआयसी स्कोअर इथे कामाला येतो. प्लेटलेट एक ते दीड लाख असतील तर १ गुण, लाखाच्या खाली २. आयएनआर १.२ च्या वर गेला की १, १.४ च्या वर २. अवयव किती बिघडलेत हे सांगणाऱ्या सोफा स्कोअरचे जास्तीत जास्त २. एकूण ४ किंवा जास्त, आणि त्यात प्लेटलेट व आयएनआरचे मिळून २ पेक्षा जास्त गुण असतील, तर बिघाड सुरू झाला असं धरा. पेशंट वॉरफरिनवर (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर) आहे का, लिव्हरचा जुना आजार आहे का, हे आधी विचारा. त्यानेही आयएनआर वाढतो.

सॅम्पलमधली गडबड

गोठण्याच्या टेस्टसाठीचा निळ्या टोपणाचा सायट्रेट बल्ब खुणेपर्यंत भरलाच पाहिजे: नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. शिर सापडत नाही म्हणून अर्धाच भरला, तर पीटी आणि एपीटीटी (गोठण्याचा वेळ मोजणारी दुसरी टेस्ट) उगाच लांबलेले येतात. हेपॅरिनने (गुठळी रोखणाऱ्या औषधाने) फ्लश केलेल्या लाइनमधून रक्त काढलं तर एपीटीटी हमखास बिघडतो. सीबीसीच्या ईडीटीए बल्बमध्ये प्लेटलेटचे पुंजके झाले तर मशीन काउंट कमी दाखवतं; अशा वेळी स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा आणि सायट्रेट बल्बमध्ये पुन्हा काउंट करा. छोट्या नर्सिंग होममध्ये सॅम्पल लॅबच्या मुलाची वाट बघत पडून राहतं, मग सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकतं. एपीटीटी चार तासांच्या आत लागला पाहिजे. पीटीचं सॅम्पल ‘टिकावं’ म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका. रक्त काढल्याची वेळ बल्बवर लिहिणं सिस्टरांच्या हातात आहे आणि त्याने खूप फरक पडतो.

डी-डायमर आणि फायब्रिनोजेनवर विसंबणं

डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना सुटणारा तुकडा; तो इन्फेक्शन, ऑपरेशन, गरोदरपण अशा कितीतरी कारणांनी वाढतो. उलट, सेप्सिसमध्ये गुठळ्या विरघळवण्याची यंत्रणाच दबलेली असते, त्यामुळे आजाराच्या मानाने तो फारसा वाढलेला नसूही शकतो. लॅब बदलली की युनिट तपासा: डी-डायमर एफईयू आणि डीडीयू अशा दोन युनिटांत देतात, आणि एफईयूमधला आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. फायब्रिनोजेन (ज्यापासून गुठळी बनते ते प्रथिन) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सूज आणि इन्फेक्शनमध्ये तो मुळात चढलेला असतो, त्यामुळे नॉर्मल आकडासुद्धा घसरणीचा असू शकतो. तो खरोखर कमी होतो तेव्हा बहुतेकदा डीआयसी (शरीरभर गुठळ्या होऊन गोठण्याची यंत्रणाच कोलमडणं) पुढे गेलेलं असतं.

पेशंट हलवताना

मंचर किंवा दौंडहून पेशंट पुण्यात येतो तेव्हा फाइलमध्ये फक्त शेवटचा रिपोर्ट असतो. आधीचे सगळे काउंट, रक्त काढल्याच्या वेळा, दिलेल्या प्लेटलेट आणि एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा), हेपॅरिन कधी सुरू केलं, हे एका कागदावर लिहून नातेवाइकांच्या हाती द्या. हेपॅरिनच्या पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान प्लेटलेट पडल्या तर कारण हेपॅरिनही असू शकतं, आणि सुरुवातीची तारीख नसेल तर पुढच्या डॉक्टरांच्या ते लक्षातच येणार नाही.