मण्यांचे तोरण: मुलांसोबत घरीच कसे करावे

रुखवतात मांडल्या जाणाऱ्या मण्यांच्या तोरणाकडे पाहून ते अवघड वाटते. पण साधी लड आणि छोटे फूल एवढे जमले की दाराचे सोपे तोरण एका रविवारच्या दुपारी घरातल्या घरात तयार होते.

दार सुमारे ९० सेंटीमीटर रुंद असेल, तर दर १० सेंटीमीटरला एक याप्रमाणे दोन्ही टोके धरून १० लडी लागतात. प्रत्येक लड १५ सेंटीमीटरची ठेवून ६ मिलिमीटरचे मणी वापरल्यास एका लडीला २५, म्हणजे एकूण २५० मणी पुरतात. तरी ओवताना मणी सांडतात आणि काही भोके बुजलेली निघतात, म्हणून ३०० आणावेत. दोऱ्याऐवजी तंगूस (नायलॉनची बारीक, ताठ तार) घ्यावा, कारण तो ताठ असल्यामुळे लहान मुलांना सुईशिवायही ओवता येतो. मणी वाटीत न ठेवता परातीत जुना टॉवेल अंथरून त्यावर पसरावेत, म्हणजे ते घरंगळत नाहीत.

एका लडीसाठी ५० सेंटीमीटर तंगूस कापून एका टोकाला कपड्यांचा चिमटा लावावा. २४ मणी आणि शेवटी एक थोडा मोठा मणी ओवावा. मग तो मोठा मणी वगळून तंगूस उरलेल्या २४ मण्यांतून उलट वर आणावा. मोठा मणी खाली अडकून राहतो आणि दोन्ही टोके वरच्या बाजूला येतात. भोकातून तंगूस दोनदा जातो, त्यामुळे अगदी बारीक भोकाचे मणी विकत घेऊ नयेत. टोके ओढताना सगळेच जण एक चूक करतात: लड इतकी घट्ट आवळतात की ती काडीसारखी ताठ होते. मण्यांमध्ये केसाएवढी फट राहिली, तरच ती वाऱ्यावर हलते. टोके तोरणाच्या वरच्या आडव्या जाड सुतळीला गुंडाळून तीन गाठी माराव्यात, कारण तंगुसाची एकच गाठ सुटते, आणि उरलेले शेपूट कापण्याआधी तीन-चार मण्यांतून परत घालावे.

मोठ्या मुलांना लडींच्या मधल्या जागेसाठी फुले करू द्यावीत. सहा सारखे मणी ओवून पहिल्या मण्यातून त्याच दिशेने पुन्हा जावे, म्हणजे कडे तयार होते. आता वेगळ्या रंगाचा, पण त्याच मापाचा मणी घ्यावा आणि तंगूस कड्याच्या मधून आडवा नेऊन चौथ्या मण्यात पाचव्याच्या बाजूने शिरवावा. ओढताच तो मणी बरोबर मध्ये बसतो. एका गोल मण्याभोवती त्याच मापाचे नेमके सहाच मावतात, हे हाताने करून पाहिल्यावर मुलांना जे कळते ते सांगून कळत नाही. पाकळ्या आठ हव्या असतील, तर मधला मणी थोडा मोठा घ्यावा.

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बारीक मणी देऊ नयेत, कारण ते घशात अडकू शकतात. चार-पाच वर्षांच्या मुलांना मोठे लाकडी मणी आणि बुटाची नाडी द्यावी. नाडीच्या टोकावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळली की ते सुईचे काम करते. त्यांच्या माळेत रंगांचा क्रम चुकला तरी तो सुधारू नये, आणि तीच माळ तोरणाच्या मधोमध बांधावी.