शाळेच्या दुधाचा हिशेब शाळेकडे येतो तेव्हा

इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेच्या कार्यालयात मी गेली काही वर्षे काम करते. माझ्या ओळखीच्या काही मराठी मैत्रिणी अलीकडे अशाच नोकऱ्यांत रुजू झाल्या आहेत, आणि दुधाच्या कामाविषयी त्या वारंवार विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आमच्या भागात शाळांच्या अनुदानित दुधाचा कारभार पूर्वी कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, पाहत असे. पुरवठादाराशी करार, अनुदानाचा दावा आणि बिलांचा ताळमेळ या सगळ्या गोष्टी तिथेच होत, आणि शाळेने दर आठवड्याला फक्त आकडा कळवायचा असे. मग एका वर्षी पत्र आले की पुढील सत्रापासून प्रत्येक शाळेने हे काम स्वतः सांभाळावे. पत्र जेमतेम एका पानाचे होते, आणि त्यात काम कसे करायचे याविषयी एक ओळही नव्हती.

हे काम मुळात कौन्सिलकडे का होते, हे आधी समजून घेतले तर पुढचे सोपे जाते. 1946 पासून ब्रिटनमधील शाळकरी मुलांना रोज पाइंटचा तिसरा हिस्सा, म्हणजे 189 मिलिलिटर दूध मोफत मिळत असे आणि ते पुरवण्याची जबाबदारी स्थानिक शिक्षण प्राधिकरणावर, म्हणजे कौन्सिलच्या शिक्षण खात्यावर होती. 1968 मध्ये माध्यमिक शाळांचे आणि 1971 मध्ये सात वर्षांवरील मुलांचे मोफत दूध बंद झाले. 1980 च्या कायद्याने तर दूध देण्याचे बंधनच काढून टाकले. सवलतीचे दूध पुढेही चालू राहिले, पण ते चालवणे हा ज्या त्या कौन्सिलच्या इच्छेचा भाग झाला, आणि 1988 नंतर अंदाजपत्रके शाळांच्या हाती आल्यावर अशी कामेही एकेक करून शाळांकडे सरकू लागली.

नव्या माणसाचा सर्वाधिक गोंधळ होतो तो इथे: आपल्याला दूध एकच दिसते, पण त्यामागे दोन स्वतंत्र योजना आहेत. पाच वर्षांखालील मुलांचे 189 मिलिलिटर दूध आरोग्य खात्याच्या नर्सरी मिल्क योजनेतून पूर्णपणे मोफत असते. पाच वर्षे पूर्ण झालेल्या प्राथमिक शाळेतील मुलांसाठी रुरल पेमेंट्स एजन्सी या सरकारी संस्थेमार्फत चालणारी अनुदान योजना आहे. तिच्यात खर्चाचा काही भाग मिळतो आणि उरलेली रक्कम बहुधा पालक भरतात. या दोहोंमधली सीमारेषा म्हणजे मुलाचा पाचवा वाढदिवस. रिसेप्शनच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात सप्टेंबरच्या सुरुवातीला जन्मलेले मूल शाळेत पाऊल ठेवताच पाच वर्षांचे होते, तर ऑगस्टमध्ये जन्मलेले मूल जवळजवळ पूर्ण शैक्षणिक वर्ष मोफत दूध पिते. एकाच बाकावर शेजारी बसणाऱ्या दोन मुलांचे दूध अशा प्रकारे दोन वेगळ्या खात्यांत जाते. कौन्सिलकडे हे काम असताना जन्मतारखांची ही चाळणी आमच्या नजरेआड होत होती.

पहिल्याच सत्रातला एक मंगळवार माझ्या मनात घर करून आहे. आदल्या दिवशी पाच वर्षांची झालेली एक मुलगी वाढदिवसाचा बिल्ला लावून आली होती. दुधाच्या ट्रेमध्ये तिच्या नावाचा डबा नव्हता, कारण तिची मोफत नोंद संपली होती आणि पैसे भरायचे असतात हे तिच्या घरी कोणी कळवले नव्हते. ते कळवणे माझे काम होते. स्ट्रॉ हातात धरून ती ट्रेकडे पाहत राहिली. त्या दिवशी शिक्षिकेने तिला जादाचा एक डबा दिला आणि त्याचा खर्च शाळेने सोसला. पण त्याच संध्याकाळी मी सर्व जन्मतारखांची महिनावार यादी केली, आणि तेव्हापासून वाढदिवसाच्या सहा आठवडे आधी पालकांना पत्र जाते. हे काम हाती घेताना सर्वप्रथम ही यादी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मोफत भोजनाविषयीही असाच एक चकवा आहे. 2014 पासून रिसेप्शन, पहिली आणि दुसरीच्या सर्वच मुलांना दुपारचे भोजन मोफत मिळते, पण त्यामुळे त्यांचे मधल्या सुट्टीतले दूध आपोआप मोफत होत नाही. कुटुंबाला मिळणाऱ्या सरकारी साहाय्याच्या आधारे जी मुले मोफत भोजनास पात्र ठरतात, त्यांच्याकडून मात्र दुधाचे पैसे घेता येत नाहीत. या दोन गटांच्या याद्या कधीही एकत्र करू नयेत, आणि साहाय्य मिळणाऱ्या कुटुंबांतील मुलांची यादी वर्गाच्या भिंतीवर तर मुळीच लावू नये. कोणत्या मुलाच्या घरी अडचण आहे, हे इतर पालकांना कळता कामा नये.

दावा मुलांना प्रत्यक्ष दिलेल्या दुधाचाच करावा. त्यासाठी गैरहजर मुले, सहली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवस रोजच्या रोज नोंदवावे लागतात. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. खिचडी किती मुलांनी खाल्ली याची नोंद ती भांडी घासून होण्यापूर्वी पोषण आहाराच्या वहीत करीत असे. तीच सवय मला इथे उपयोगी पडली. आठवड्याअखेरीस आठवून भरलेला तक्ता पुरवठादाराच्या बिलाशी कधीच जुळत नाही.

हा सगळा व्याप नको असेल तर शाळेच्या वतीने दावा करणारे आणि पालकांकडून थेट पैसे घेणारे पुरवठादार आहेत, आणि लहान शाळेसाठी ती सोय मला रास्त वाटते. तरीही करार करण्यापूर्वी दूध कोणत्या वेळी येणार आणि फ्रिजमध्ये जागा किती, हे पाहावे. कायद्याने फ्रिज 8 अंश सेल्सिअसपर्यंत चालतो, पण आम्ही तो 5 अंशांवर ठेवतो. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची नावे ट्रे वाटणाऱ्या व्यक्तीच्या हातातल्या कागदावरच असावीत, कार्यालयातल्या फाइलमध्ये नव्हे.

कौन्सिलकडून काम हाती घेताना मागील वर्षाची बिले, दाव्यांच्या प्रती आणि न मिटलेल्या थकबाकीचा तपशील लेखी मागून घ्यावा, आणि तोही जुलैत सुट्टी लागण्यापूर्वी. आम्ही सप्टेंबरपर्यंत थांबलो, आणि तोवर हे काम पाहणारा कौन्सिलमधील विभागच बंद झाला होता.